हाडाची पुंगी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? मुलाचे घर केवढे आहे? आणि तिकडे वेळ कसा घालवलात? पहिल्या प्रश्नाला मी 'नाही' म्हटले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी अनुकंपा उमटते. दुसऱ्याचे उत्तर मी हात पसरून देतो, आणि ते सर्वांना पटते. तिसऱ्याचे खरे उत्तर मात्र मी आजवर कोणाला दिलेले नाही. दिले असते, तर म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याची वार्ता संध्याकाळच्या आत सगळ्या वाड्यात झाली असती. खरे उत्तर असे की, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी तिकडे टर्की नावाच्या पक्ष्याच्या मादीची बोली शिकलो; आणि तीही त्या मादीच्याच पंखातल्या हाडांमधून.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये मी पेन्सिल्व्हेनियात मुलाकडे गेलो. आदल्या वर्षी घरात मी एकटा उरलो होतो, आणि "बाबा, निदान सहा महिने तरी या" असा मुलाने धोशा लावला होता. गाव ॲपलाशियन डोंगरांच्या कुशीतले, लहानसे. घरामागे कुंपण नाही. अंगणातले गवत संपले की सरळ ओकचे रान सुरू. सकाळी मुलगा आणि सून कामाला जात, नातू शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढे, आणि मग घरात मी आणि भांडी घासण्याचे यंत्र असे दोघेच उरत असू. त्यातल्या त्यात यंत्र तरी अधूनमधून बोलत असे.

शेजारी ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ राहत. तेही एकटेच. लाकूड कापण्याच्या गिरणीत सारा जन्म गेलेला, आणि डाव्या हाताची दोन बोटे त्या गिरणीने अर्धी ठेवून घेतलेली. मी तेहतीस वर्षे शाळामास्तर होतो हे कळल्यापासून ते मला 'टीचर' म्हणत. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणत असे. अशा वेळी आपले स्वतःचे वय सोयीस्करपणे विसरता येते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी म्हातारबुवा रानातून आले, ते पाठीवर एक मोठा थोरला पक्षी टाकून. पिसे काळपट, पण उन्हात तांब्यासारखी झळकत होती. शरद ऋतूतल्या हंगामात नर किंवा मादी, काहीही मारण्याची तिकडे त्या वर्षी मुभा होती. ही मादी होती. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे, अंडेसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलेले नाही. मी एक पाऊल मागे सरलो. पण नजर त्या पसरलेल्या पंखावरून निघेना. त्यांनी ते पाहिले.

"मांस तुम्हांला चालत नाही, ठाऊक आहे," ते म्हणाले. "आवाज चालतो का?"

आणि गॅरेजातल्या खणातून त्यांनी तंबाखूची एक जुनी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेली एक नळी होती. वीतभर लांब, जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर, एका टोकाला काडीएवढी बारीक आणि दुसरीकडे सनईसारखी किंचित रुंदावलेली. त्यांच्या वडिलांनी केलेली. बारीक टोक त्यांनी ओठांत धरले, दोन्ही तळव्यांची ओंजळ दुसऱ्या टोकाभोवती केली, आणि गॅरेजात एक पक्षीण बोलली. "क्यॉव्, क्यॉव्, क्यॉव्." आधी स्वच्छ उंच सूर, आणि मग तोच खाली येताना खरखरीत झालेला. मी खरोखरच त्या मेलेल्या मादीकडे वळून पाहिले.

त्या हिवाळ्यात मी माझी पुंगी केली. तिकडे तिला साधे 'पंखाचे हाड' एवढेच म्हणतात; पण आपल्याकडे अशा वस्तूला पुंगीशिवाय दुसरे नाव शोभणार नाही.

पक्ष्याच्या पंखात आपल्या हातासारखीच हाडे असतात. दंडाचे एक, आणि कोपराच्या पुढे दोन. या दोहोंपैकी एक काडीसारखे सडपातळ. दुसरे जाड आणि थोडे वाकलेले. जाड हाडावर ओळीने बारीक बारीक पुळ्या असतात, आणि त्या प्रत्येक पुळीतून एकेक मोठे पीस निघालेले असते. दंडाचे हाड सगळ्यांत नवलाचे. त्यात मज्जा नसते, हवा असते. छातीतल्या हवेच्या पिशवीची एक शाखा थेट त्या हाडात शिरलेली असते. म्हणजे पक्षी जिवंत असताना त्याचा श्वासच या पोकळीत खेळत असतो. हे म्हातारबुवांनी नव्हे, नातवाच्या शाळेच्या पुस्तकाने मला सांगितले. मी ते म्हातारबुवांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपण नवीन काहीच करत नाही."

हाडे मंद आचेवर, पाण्यात थोडा साबण टाकून शिजवायची. खळाखळा उकळली तर ठिसूळ होतात. हे काम कोणाच्या चुलीवर करायचे, हा प्रश्न आमच्या घरात एका वाक्यात मिटला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही काय वाटेल ते करा, पण माझ्या स्वयंपाकघरात नको." तेव्हा ते म्हातारबुवांच्या गॅरेजात, जुन्या पातेल्यात झाले. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधून दारात उभा होतो. चौथ्या दिवशी हाडे खरवडत होतो. माणसाचे सोवळे किती टिकते याचा हा हिशेब मी जपून ठेवला आहे.

मग लोखंड कापण्याच्या बारीक पात्याने टोके छाटायची. अर्धा दोरा जास्त कापले तर हाड वाया, आणि एका पक्ष्याला पंख दोनच. सडपातळ आणि जाड हाडांतली मज्जा तारेने टोचून काढायची, दंडाच्या हाडातल्या आतल्या बारीक आडकाड्या खरडून टाकायच्या, मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालून तेलकटपणा काढायचा. कपड्यांचे ब्लीच चालत नाही. हाड पांढरे होते खरे, पण आतून कुजल्यासारखे होते. पुरते वाळले की कागदाने घासायचे, आणि एकात एक बसवायचे: सडपातळ हाड जाड हाडात, जाड हाड दंडाच्या हाडात. सांधे दोऱ्याने आवळून, वर डिंक भरून, हवा सुईच्या अग्राएवढीही गळणार नाही असे बंद करायचे. म्हातारबुवांच्या वडिलांनी मेण वापरले होते. आम्ही दोन नळ्यांतले मिसळण्याचे चिकटद्रव्य वापरले, आणि त्याबद्दल म्हातारबुवा दोन दिवस खजील होते.

आपल्याकडे गाजराच्या पुंगीचे सांगतात, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. इथे सगळेच उलटे. आधी खाल्ली, मग वाजली. आणि खाल्ली त्यांनी, वाजवली मी.

वाजवणेही उलटेच. मी तरुणपणी थोडी बासरी वाजवत असे. मोठ्या आत्मविश्वासाने मी पुंगीत फुंकर घातली, आणि आवाज निघाला तो नाक शिंकरल्याचा. ही पुंगी फुंकायची नसतेच. तिच्यातून हवा आत ओढायची असते. तान्ह्या मुलाचा पापा घेताना ओठ जसे करतो तसे घट्ट करायचे, आणि चुटकन ओढून सोडायचे. आवाज हाडात होत नाही, ओठांच्या फटीत होतो. हाड त्याला पक्षिणीचा गळा देते. ओठ सैल सोडले की सूर खाली घसरतो. ती घसरण साधली तर मादी बोलली, नाही तर बिजागरी वाजली. माझी बिजागरी फेब्रुवारीपर्यंत वाजत होती. सूनबाईंनी कामाच्या खोलीचे दार लावून घ्यायला सुरुवात केली. नातू मात्र शाळेतून आला की म्हणे, "आजोबा, आज पक्षी आला का?"

मार्चमध्ये एके दिवशी आला. म्हातारबुवा पाठमोरे काहीतरी घासत होते, त्यांचा हात थांबला. एवढेच. शाबासकी देण्याची त्यांची हीच पद्धत होती.

या विद्येतही गुरुपरंपरा आहे, आणि ती रक्तरंजितही आहे. चार्ल्स जॉर्डन नावाचा एक मोठा जाणकार दक्षिणेत होऊन गेला. त्याची पुंगी त्या लोकांत अजून नावाजलेली आहे. १९०९ साली एका चोरट्या शिकाऱ्याच्या गोळीने तो मेला. त्याची टिपणे घेऊन एडवर्ड मॅकिलहेनी याने १९१४ मध्ये रानटर्कीवर पुस्तक छापले. मॅकिलहेनी म्हणजे टबॅस्कोच्या तिखट रसाचे घराणे. मुलाच्या जेवणाच्या टेबलावर ती बाटली रोज असे, आणि वरणावर तिचे दोन थेंब टाकताना मला जॉर्डनची आठवण होऊ लागली.

पण मी पुंगीत गुंतलो ते तिच्यामागच्या युक्तीमुळे. एप्रिलमध्ये, मी परत निघण्याच्या आठवड्यात, म्हातारबुवांनी मला पहाटे अंगणात उभे केले. अंधारात, डोंगराच्या सोंडेवरून, उतरणीवर रिकामा हंडा गडगडत जावा तसा आवाज आला. झाडावर बसलेला नर हाक देत होता. "निसर्गाची रीत अशी," म्हातारबुवा म्हणाले, "की तो हाक देतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. तो जागचा हलत नाही. आपण मादी होऊन त्याला म्हणायचं, आज तू ये. त्याच्या स्वभावाच्या उलट त्याला चालवायचं. म्हणून कमी बोलायचं. जास्त बोललं की त्याला वाटतं, ही येतेच आहे, आणि तो तिथंच पिसारा फुलवून उभा राहतो. दोनदा बोला आणि गप्प बसा. गप्प बसल्यावर तो येतो."

पेन्सिल्व्हेनियात वसंतातल्या हंगामाचा नियमच असा आहे की टर्की फक्त बोलावून मारायचा. त्याच्या मागावर जायचे नाही. हा हंगाम सुरू झाला १९६८ साली. त्याआधी तो पक्षीच फारसा उरला नव्हता. रान तोडले गेले होते, शिकारीला धरबंध नव्हता. खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते जगेनात. मग १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात तोफेने जाळी उडवून रानातलेच पक्षी धरले, आणि पुढे राज्याराज्यांत असेच धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडले. आज ते लाखांनी आहेत. बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवलेला आहे. "पैसा आमचा आहे, टीचर," म्हातारबुवा सांगत.

हंगामाच्या तोंडावरच माझे सहा महिने भरले. पुंगी मी नातवाच्या खणात ठेवून आलो.

दुसऱ्यांदा गेलो तो २०२३ च्या एप्रिलमध्ये. म्हातारबुवा व्हरांड्यात होते, हसले, आणि त्यांचा अर्धाच चेहरा हसला. जानेवारीत चेहऱ्याच्या उजव्या बाजूला लकवा झाला होता. बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. त्यांचा ओसरत नव्हता. हातपाय धड होते, बंदूक उचलत होती, पण ओठांचा एक कोपरा लोंबत होता. वडिलांची पुंगी त्यांनी माझ्यासमोर तोंडात धरली. नुसती हवा गेली. फुस्स.

मी म्हटले, तुमच्याकडे ती लाकडी डबी आहे ना, झाकण घासून आवाज काढायची? तिला ओठ लागत नाहीत. १८९७ चे पेटंट आहे तिचे, तुम्हीच सांगितलेत.

"ती डबी बोलते," ते म्हणाले. "मी नाही." आणि थोड्या वेळाने: "२९ तारखेला हंगाम उघडतो. तुम्ही बोलवा. मी बसतो."

म्हणजे बंदूक घेऊन बसतो. मी नाही म्हटले. का, ते त्यांनी विचारले, आणि पासष्ट वर्षे कोणाला न सांगितलेली गोष्ट मी एका परक्या माणसाला परक्या भाषेत सांगितली.

१९५८ साली मी नऊ वर्षांचा होतो. वऱ्हाडात आमचे शेत होते. एके दिवशी एक पारधी आला. काठीला पिंजरा, पिंजऱ्यात पाळलेला तितर. तुमच्याकडे तितर कुठे असतात, त्याने मला विचारले. मी मोठ्या ऐटीने त्याला धुऱ्यावरच्या बोरी दाखवल्या. त्याने फासे मांडले, मध्ये पिंजरा ठेवला. पाळीव तितर ओरडला, 'तित्तिर तित्तिर', आणि रानातले नर भांडायला धावत आले ते थेट फाशांत. पारध्याला दोष देत नाही. त्याच्या घरची चूल त्यावर होती. पण दुसऱ्या दिवसापासून धुऱ्यावर सकाळी आवाज नाही. आजी जात्यावर बसलेली, म्हणाली, "काऊन रे, तितर काऊन बोलत नाही आज?" मी म्हणालो, "मले काय मालूम?" आजीला सांगितलेले ते माझे पहिले खोटे. ती गेली तेव्हाही ते तसेच राहिले होते.

म्हातारबुवांनी ऐकून घेतले. मग मी म्हणालो, बंदूक न घेता चला, हवे तेवढे बोलावतो. यावर मात्र ते रागावले. "बोलवायचं आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचं? ही त्याची थट्टा झाली. शिवाय फसलेला पक्षी शहाणा होतो. पुढं खऱ्या मादीचाही त्याला भरवसा वाटत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याचंही नुकसान." मी म्हणालो, मारण्यासाठी खोटे बोललेले चालते आणि पाहण्यासाठी चालत नाही, हा कुठला न्याय? त्यांनी पुन्हा १९३७ चा कायदा काढला. हिशेब त्यांचा बरोबर होता. माझी अडचण हिशेबाची नव्हती. ते उठून आत गेले, आणि जाळीचे दार जरा जोरात लागले.

२९ एप्रिलला मी पहाटे खिडकीतून पाहिले. त्यांची गाडी दारातच होती. दुसऱ्या दिवशीही. सबंध मे महिना ती जागची हलली नाही. डोंगरावरून रोज हंडा गडगडत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा हट्ट कशाला? ऐंशी वर्षांच्या माणसाचे किती हंगाम राहिलेत?" मी उत्तर दिले नाही. दोनदा त्यांच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "हंगाम ३१ तारखेला संपला," ते म्हणाले. "आता मला बंदूक नेताच येत नाही. माद्या पिलांमागे आहेत, नर रिकामे हिंडताहेत. पुढचा वसंत येईपर्यंत फसलेला पक्षी विसरेलही. पहाटे चारला."

मी थंडी म्हणून तांबडी माकडटोपी घालून निघालो. त्यांनी ती अंधारातच डोक्यावरून ओढून खिशात कोंबली. तांबडा, पांढरा आणि निळा हे टर्कीच्या नराच्या डोक्याचे रंग. ते घालून रानात बसलेल्या माणसाला लांबून गोळी लागू शकते. हंगाम नसला म्हणून सवय सुटते थोडीच. खांद्यांहून रुंद अशा ओकच्या बुंध्याला पाठ लावून आम्ही बसलो. उजाडता उजाडता एक घुबड बोलले, आणि त्यासरशी वरच्या सोंडेवरून नराने त्याला गडगडून दटावले. तो काय घुबडाला उत्तर देत नसतो. सकाळच्या त्या वेळी त्याला कोणताही मोठा आवाज सोसत नाही.

म्हातारबुवांनी मान हलवली. मी पुंगी ओठांत धरली. ओठ कोरडे पडले होते. तीन सूर काढले; तिसरा नीट घसरला. सूर संपतो न संपतो तोच हंडा गडगडला. म्हातारबुवांचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन बसला. आता गप्प.

गप्प बसणे ही काय चीज आहे, ते त्या दिवशी कळले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. डास कानात गात होता. वरून आवाज बंद. गेला, असे मला वाटू लागले. दुसरीकडे कुठे खरी मादी भेटली असेल. वीस मिनिटांनी मला राहवले नाही. मी हळूच आणखी दोन सूर काढले. गुडघ्यावरचा हात घट्ट झाला.

त्यानंतर केव्हा तरी छातीत, कानात नव्हे, एक 'ढुम्म' असे जाणवले. मंदिरात लांब कोणी तरी मृदंगावर थाप मारावी तसे. आणि नेच्यांच्या मागून तो आला. आवाज न करता, पंखांची टोके जमिनीवर घासत, पिसारा उभारलेला. डोके क्षणात तांबडे, क्षणात पांढरे. दहा पावलांवर थांबला. तिला शोधू लागला. मान उंच करून या बाजूला पाही, त्या बाजूला पाही. आवाज इथूनच तर आला होता. म्हातारबुवांचा उजवा खांदा किंचित वर आला आणि खाली गेला. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होते. पण लकव्यापासून तो डोळा गळतच असे, तेव्हा त्यावरून मला काही सांगता येत नाही.

पक्ष्याने पिसारा मिटला. एकदा वळला, पुन्हा एकदा मागे पाहिले, आणि आला तसा चालत सोंडेवर निघून गेला. पाचोळ्यावर त्याची पावले बराच वेळ ऐकू येत होती.

आम्ही उठलो. त्यांचे गुडघे धरले होते. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. उतरणीवर त्यांनी माझी टोपी खिशातून काढून परत दिली. घरे दिसू लागली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"ते शेवटचे दोन काढायला नको होते, टीचर. तो निघालाच होता."